बाजूचं दार उघडं आहे तोवर

‘बाजूचं दार उघडं आहे तोवर आपलं लावायचं नाही.’

मला या उंबऱ्यावर बसवलं, त्या दिवशी कानावर पडलेला पहिला नियम हा. बसवणाऱ्या कारागिरानं विचारलं होतं, ‘‘शेठ, दार नीट लागतंय का बघून घेता का एकदा?’’ शेठ म्हणाले, ‘‘लावायचंय कुणाला?’’ आणि त्यांनी हा नियम सांगितला. का, ते सांगितलं नाही. या रस्त्यावर ‘का’ विचारायची पद्धत नाही.

तर मी एक दरवाजा बोलतोय. देगू शहराच्या स्टेशनकडून जो बाजाररस्ता येतो, त्याच्या टोकाला शिम ब्योंगहो यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्याचा काचेचा दरवाजा. माझ्या डाव्या हाताला गिल काकूंचं मोज्यांचं दुकान. ते कोपऱ्याचं, त्यापुढे रस्ता संपतो. उजव्या हाताला ओळीनं चाळीस दुकानं. म्हणजे आम्ही एकूण बेचाळीस दरवाजे, आणि बेचाळीसही उघडे.

माझी काच भट्टीत लाल होईपर्यंत तापवली आणि एकदम गार वाऱ्यावर धरली. त्यामुळे मी सहजी फुटत नाही. माझ्या पायाशी, फरशीखाली, तेलात बुडालेली एक जाड स्प्रिंग आहे. लोटलं की उघडायचं, सोडलं की आपणहून हळूच बंद व्हायचं, ही तिची शिकवण. बंद होणं हा माझा हट्ट नव्हे, मला घडवलंच तसं. छातीवर बाहेरच्या बाजूनं कारागिरानं एक शब्द चिकटवला होता, ‘ढकला’.

शिम शेठनी मला आत लोटलं आणि पायाशी दगड लावला. ते पूर्वी चष्म्याच्या कारखान्यात होते, तिथला काचा घासायचा, झिजून गोल झालेला दगड. रात्री बाहेरचं शटर ओढलं की झालं, दगड जागचा हलत नसे. एकोणीस वर्षं माझी स्प्रिंग त्या दगडाला रेटत राहिली आणि दगड तिला. येणारेजाणारे माझ्या छातीवरचा शब्द वाचत आत गेले. ढकलायला काहीच नव्हतं.

देगूचा उन्हाळा म्हणजे काय, हे मला विचारा. माझी एक कड रस्त्यावर भाजत असायची आणि दुसरी एसीखाली गारठलेली. शेठ म्हणायचे, ‘‘गारवा हीच आपली पाटी. रस्त्यावर गारवा आला की माणूस आपोआप आत वळतो.’’ मी पाहिलं ते असं : माणूस वळायचा, उंबऱ्यावर उभा राहायचा, शर्टाची कॉलर मागे ओढून मानेवर वारा घ्यायचा, फोन करायचा, बर्फाची कॉफी संपवायचा आणि पेला आमच्या पायरीवर ठेवून चालू लागायचा. दुपारच्या शाळकरी मुली तर माझ्याजवळ गोल करून बसायच्या. कबुतरंही यायची. चष्मा कुणालाच नको असायचा.

आणि ज्याला हवा असायचा, त्याची तऱ्हा वेगळी. नवा चष्मा लावून तो ऐटीत बाहेर पाऊल टाकायचा आणि बाहेरच्या दमट हवेत त्याच्या गार काचा पांढऱ्याफटक व्हायच्या. ‘‘शेठ, मला काही दिसत नाही!’’ शेठ खिशातून फडकं काढून तयारच. हे रोज व्हायचं आणि रोज सगळे हसायचे. हे का होतं, असं एकानंही विचारलं नाही.

विचारलं ते हारिमनं. शेठची मुलगी, तेव्हा सात वर्षांची.

‘‘आप्पा, घरी फ्रीजचं दार उघडं राहिलं की आई ओरडते. मग इथं का चालतं?’’

‘‘ते घर. हे दुकान.’’

‘‘फरक काय?’’

‘‘मोठी झालीस की कळेल.’’

ती मोठी झाली. बुसानला कॉलेजात गेली, इमारती गार आणि ऊबदार कशा ठेवायच्या याचंच शिक्षण घेतलं, आणि तिला अजूनही कळलं नव्हतं. या वसंतात शेठच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दुकान सांभाळायला परत आली. आल्या आल्या तिनं दगडाला पाय लावला. शेठ काठी टेकत धावलेच. ‘‘बाजूचं दार उघडं आहे ना? मग?’’

आता बोकनाम मावशींबद्दल सांगायला हवं. त्यांना मी आजवर पाहिलंच नव्हतं. दुकानाच्या मागच्या अंगाला, बोळाकडे खिडकी असलेल्या खोलीत त्या बसतात आणि तुटलेल्या फ्रेमना धातूचा डाग देऊन जोडतात. त्या शेठबरोबर कारखान्यातून आल्या; त्यांची ये-जा मागच्या बोळातूनच. मी रस्त्याकडे तोंड करून उभा, त्यांची पाठ भिंतीपलीकडे. माझ्यापर्यंत त्यांचा फक्त आवाज यायचा. दणदणीत आवाज. मला त्या पहिलवानासारख्या वाटायच्या.

गेल्या ऑगस्टमध्ये त्या खोलीत चक्कर येऊन पडल्या. आमच्या एसीचं बाहेरचं मशीन त्यांच्या खिडकीखाली टांगलंय. आतली सगळी उष्णता ते तिथं ओकतं. खिडकी लावली तर डागाचा धूर कोंडतो, उघडली तर भपका येतो. त्यांच्या खोलीत वेगळा एसी लावायचा तर दुकानाच्या वीजजोडणीला तेवढा भार झेपत नाही. शेठनी टेबलफॅन आणून दिला. तो गरम वाराच फिरवत बसला. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एक असा उन्हाळा या खोलीत काढायचा नाही.

या सोमवारी त्यांचा आवाज आला, ‘‘शिम, शनिवारी मी माझी हत्यारं आवरते.’’

‘‘मग करणार काय?’’ शेठनी विचारलं.

‘‘घरी बसून भिंतीचे पोपडे मोजीन.’’

शेठ काचा पुसत बसले. हारिम मात्र माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि बराच वेळ माझ्या चौकटीवरच्या कागदाकडे पाहत राहिली.

तो कागद नोह यांनी लावला होता. नोह शहराच्या ऊर्जा मंडळाचे. दुकानं आणि इमारती वीज कुठं वाया घालवतात ते शोधायचं आणि दुरुस्तीला मंडळाकडून मदत मिळवून द्यायची, हे त्यांचं काम. माणूस सदा घामाघूम. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी माझ्या चौकटीवर पातळ कागदाची बोटभर पट्टी चिकटवली. चिकटवल्या क्षणी ती आडवी होऊन रस्त्याकडे फडफडू लागली, आणि तेव्हापासून तशीच होती. ‘‘हा तुमचा गारवा,’’ ते हारिमला म्हणाले. ‘‘एसी अठरावर लावलाय, दुकानात आहेत अठ्ठावीस. ते मागचं मशीन सकाळपासून एकदाही थांबलेलं नाही. थांबणार कसं? ते अख्खा रस्ता गार करतंय.’’

मला हे ऐकून बरं वाटलं नाही. एकोणीस वर्षं मी उघडा उभा होतो आणि समजत होतो की मी कुणाचं काही वाईट करत नाही.

मंडळ दारांच्या फटी बुजवून देणार होतं, झिजलेल्या स्प्रिंगा बदलून देणार होतं. अट एकच, उन्हाळाभर दारं लावलेली हवीत. नोह बेचाळीस दुकानं फिरले. आज दुपारी ते हारिमसमोर वही उघडून बसले होते तेव्हा ती म्हणाली, ‘‘आता बसा आणि बघा.’’

तिनं दगड उचलला. खाली फरशीवर पांढरी गोल खूण होती.

माझी स्प्रिंग गंजली होती. मी कुरकुरत निघालो आणि चार बोटं उरली तिथंच अडलो. हारिमनं कमरेनं एक धक्का दिला. खट्.

रस्ता गप्प झाला. म्हणजे रस्ता चालूच होता, स्कूटर, गाणी, फळवाल्याची हाक, सगळं दिसत होतं, पण ते काचेपलीकडे गेलं होतं. आत आणि बाहेर या दोन वेगळ्या जागा असतात, हे मला आज कळलं. कागदाची पट्टी एकदा थरथरली आणि सरळ खाली लोंबली. हारिमनं एसी अठरावरून सव्वीसवर नेला.

पहिलं गिऱ्हाईक आलं, थबकलं, ‘बंद दिसतंय’ म्हणून निघून गेलं. हारिमनं ओठ चावला. दगडाकडे पाहिलंसुद्धा. पण हात लावला नाही.

अर्ध्या तासात माझ्यावर टिचक्या वाजल्या. बाहेर व्यापारी संघाचे अध्यक्ष कूसाहेब, शेजारी गिल काकू, आणि मागून काठी टेकत शिम शेठ. संघाच्या कचेरीतला पटाचा डाव अर्धा टाकून आलेले.

‘‘ढकला!’’ हारिम आतून ओरडली. ‘‘लिहिलंय त्यावर.’’

कूसाहेबांनी मला ढकललं. तो शब्द मानून मला ढकलणारा पहिला माणूस हाच निघावा, याचं मला हसू आलं.

‘‘अगं, घरात कुणी गेलं की काय?’’ गिल काकू म्हणाल्या. ‘‘भरदिवसा दार लावलंस! माझ्या काळजात धस्स झालं.’’

‘‘सगळे ठणठणीत आहेत, काकू.’’

‘‘मग हे अवलक्षण कशाला?’’

‘‘पोरी,’’ कूसाहेब घसा साफ करत म्हणाले, ‘‘या रस्त्याला एक शिस्त आहे. दारं लावायला कुणाची ना नाही. सगळ्यांनी लावली की आपणही लावू.’’

‘‘साहेब,’’ नोह कपाळ पुसत म्हणाले, ‘‘हेच वाक्य माझ्या वहीत त्रेचाळीस वेळा लिहिलंय. एका दुकानात तर दोनदा.’’

‘‘मी नव्हतं हं म्हटलं असं,’’ गिल काकू म्हणाल्या.

‘‘ते दोनदा म्हणजे तुम्हीच, बाई.’’

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. ‘‘दगड कुठाय?’’

‘‘माझ्या टेबलाखाली.’’

ते काही बोलणार, तेवढ्यात मागून एक आवाज यायचा थांबला. तो आवाज इतकी वर्षं अखंड होता, की तो आहे हेच सगळे विसरले होते. मशीनची घरघर. सगळ्यांनी माना वर केल्या. गिल काकूंनी तर छताकडे पाहिलं.

मागचा पडदा सरकला आणि एक बाई बाहेर आली. कपाळावर सरकवलेलं भिंग, हातात चिमटा, घामानं चिकटलेली कॉलर, बोटांवर डागांच्या जुन्या खुणा. माझ्या उघडायच्या मुठीहून थोडीशीच उंच.

‘‘मशीन बिघडलं का गं?’’ तिनं दणदणीत आवाजात विचारलं. या बोकनाम मावशी! एवढ्याशा!

‘‘नाही, मावशी. थांबलंय.’’

‘‘थांबतं होय ते?’’

‘‘पुरेसं गार झालं की थांबतं.’’

‘‘भपका यायचा बंद झाला, मला वाटलं अख्ख्या गल्लीची वीज गेली.’’ त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘हा दरवाजा आहे होय? मी काच समजत होते.’’ मग त्यांना काहीतरी आठवलं. ‘‘एका फ्रेमचा डाग अर्धा राहिलाय,’’ म्हणत त्या आत गेल्या.

शेठ हलणाऱ्या पडद्याकडे पाहत राहिले. मग बोलायचं म्हणून बोलावं तसं म्हणाले, ‘‘दगड लाव, हारिम. बाकीचं नंतर बघू.’’

‘‘नाही लावणार.’’

‘‘तू मला नाही म्हणतेस? चारचौघांत?’’

‘‘हो, आप्पा. शनिवारी मावशींनी हत्यारं आवरायची आणि तुम्ही त्यांना पोचवायला बसथांब्यापर्यंत जायचं, एवढंच ना तुमचं नंतर? मी नाही लावणार.’’

‘‘अगं, पण बाजूचं दार उघडं...’’

‘‘गिल काकू,’’ हारिम वळली, ‘‘तुमचं दुकान कोपऱ्याचं. तुमच्या बाजूला दार एकच, आमचं. ते आता बंद आहे. मग तुमचं कशासाठी उघडं आहे?’’

गिल काकूंनी मान वळवून आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं.

‘‘आणि कूसाहेब, तेवढं सांगा. हा नियम केला कुणी?’’

कूसाहेबांनी शेठकडे पाहिलं. शेठनी गिल काकूंकडे. गिल काकूंनी पुन्हा कूसाहेबांकडे. तिघांचं मिळून वय दोनशेच्या घरात, आणि एकालाही उत्तर ठाऊक नव्हतं.

अजूनही तिघं तशीच उभी आहेत. कागदाची पट्टी सरळ लोंबतेय. एवढी शांतता या दुकानात कधी नव्हती, त्यामुळे मागच्या खोलीतून येणारा एक बारीक आवाज मला पहिल्यांदाच ऐकू येतोय. बोकनाम मावशींची कानस. खर्र, खर्र.

दगड टेबलाखालीच आहे. मी बंद आहे, पण मला कुलूप नाही. तुम्ही कधी या रस्त्यानं आलात तर बाहेर थबकून परत फिरू नका. माझ्या छातीवर एक शब्द आहे, तेवढा वाचा.