नाल्याकाठची झोळी

मी झोळी. हिरव्या नऊवारी लुगड्याची, लाल काठाची. काठ आता विटलाय आणि मी मोहाच्या फांदीला एकटी लोंबकळतेय. इथं कशी आले, ते सांगते.

नार्नूरच्या बाजारात मथुराबाईनं मला घेतलं, तेव्हा मी लुगडं होते. दोन वर्षं तिनं मला अंगावर मिरवलं. मग दुमडून आढ्याला टांगलं. माझ्यात आधी तिची वच्छला निजली, तिच्यामागून यशवंत. पुढं कितीतरी वर्षं मी पेटीत पडून होते. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं जीव नको झाला, पण माणसांना आमची आठवण येते ती गरज पडली की.

या घराची एक रीत आहे. ज्या बाईचं लेकरू, झोळीची गाठ तिनंच बांधायची. दुसरीनं बांधली तर लेकरू तिचं झालं, असं मथुराबाई मानते.

वच्छलाला मंचेरियलला दिली. अकरा वर्षं झाली, तिला मूल नाही. यशवंतच्या बायकोला, आशाला, वर्षाच्या आत मनू झाली. आशा फार भित्री. गाठ बांधली की तीनदा ओढून पाहायची, मग पायलीभर ज्वारी माझ्यात ठेवून झोका देऊन पाहायची, तेव्हा कुठं पोरीला निजवायची.

आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले, मंचेरियल वेगळा जिल्हा झाला, त्या हिवाळ्यात वच्छलाचा नवरा सुधाकरराव जीप घेऊन आला. वाघाच्या जंगलात सहल काढू म्हणाला. मथुराबाईनं मला पिशवीत कोंबलं. माझ्याखाली नारळ होता, तांदूळ होते आणि नवा खण. सहलीला ओटीचं सामान कशाला, हे मला उमगलं. आशाला नाही.

"जंगल आता आमच्या जिल्ह्यात," सुधाकरराव वाटेत म्हणाला. "तुमच्याकडं काय राह्यलं? वावरं अन् फुफाटा."

"बायको आमच्याच घरची नेली ना, भाऊजी," यशवंत बोलला.

नाक्यावर वनरक्षकानं वहीत नावं लिहिली. "बच्ची किसकी?"

"हमारी," सुधाकरराव म्हणाला. आशाला वाटलं, साऱ्या घराची म्हणून म्हणाला असेल.

वाघ काही दिसला नाही. परतताना नाक्याजवळ, नाल्याकाठी, जेवायच्या मोकळ्या जागेवर सगळे उतरले. वरून वानरं दात विचकत होती. आशा पोरीचं दुपटं धुवायला नाल्यात उतरली आणि मथुराबाईनं मला पिशवीतून काढून मोहाच्या फांदीवर टाकलं. हळूच म्हणाली, "वच्छे, गाठ तू बांध."

वच्छलानं गाठ अशी आवळली की माझा काठ चरचरला. मथुराबाईनं नारळ-तांदळानं तिची ओटी भरली आणि मनूला माझ्यात घातलं. तेवढ्यात आशा वर आली.

"हे कोनं बांधली?"

"म्या सांगतलं," मथुराबाई म्हणाली. "तुले अजून होतीन. तिले कोन हाय?"

"जिल्हा नवा, कागदं नवी," सुधाकरराव म्हणाला. "जन्माचा दाखला मंचेरियलचा काढू, आमच्या नावाचा. कोन पाह्यते?"

"मी हाय ना पाहाले!" आशा नवऱ्याकडं वळली. "आवो, तुमाले ठाऊक होतं?"

यशवंत वानरांकडं बघत राहिला. "आई म्हने, पोरगी घरातच तर राह्यते."

"मी काई चोरून नेऊन राह्यली का?" वच्छला कडाडली. "भाचीच हाय माही!"

"मंग भाचीच राहू द्या."

आशानं मनूला उचललं. मथुराबाईनं तिचं मनगट धरलं.

"ठेव तिले खाली! भरल्या ओटीले पाय लावतं?"

"हात सोडा, आत्याबाई." मान खाली घालून भाजी निवडणारी आशा मला ठाऊक होती. हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

पोरीला छातीशी धरून ती तडक नाक्यावर गेली. "साब, नाम गलत लिखा. बच्ची की माँ मैं. आशा. बाप यशवंत." वनरक्षकानं तेलुगूत लिहिलं. तिला ती अक्षरं येईनात. सातवी शिकलेली, पण मराठीत. तिनं त्याला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. तो आवाज इथपर्यंत आला. सुधाकररावची मान खाली गेली.

भाकरी तशाच राहिल्या. निघताना मथुराबाई म्हणाली, "झोळी सोड, वच्छे."

"मी नाई सोडत."

"मंग तू सोड," सुनेला म्हणाली.

"ज्यानं बांधली त्यानं सोडावी," जीपमधून आशा म्हणाली. "मी हात लावत नाई."

सुधाकररावनं हॉर्न वाजवला. मथुराबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तीही चढली. जीप गेली.

त्याला दोन उन्हाळे झाले. वानराची पिल्लं माझ्यात उड्या मारतात, मुततात. मनू कुठं निजते, मला माहीत नाही. आईच्या मांडीवर निजत असेल.

सहलीला येणाऱ्या बायांनो, हिरवं लुगडं बघून कोणाला माझी दया आली, तरी मला सोडून नेऊ नका. घरी नेलं की कोणाचं तरी लेकरू माझ्यात घालाल आणि गाठीवरून भांडाल. मला इथंच फाटू द्या.