तिसऱ्या भोंग्यानंतर

आमच्याकडे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यात चारपैकी तिसरा डाव संपल्याचा भोंगा झाला की अख्खं गाव मैदानात उतरतं. कुंपणाखालून पोरं शिरतात, म्हातारे हातातला बिअरचा डबा सांभाळत येतात, बाबागाड्या येतात, कुत्री येतात. खेळाडूंच्या कड्याभोवती आपलं कडं करायचं आणि शेवटच्या डावाआधी कोच त्यांना काय काय ऐकवतो ते ऐकायचं. ही रीत कोणी घालून दिली ठाऊक नाही, पण त्या वेळी कुंपणाबाहेर गाडीत बसून राहणारा माणूस बहुतेक परगावचा असतो.

त्या शनिवारी अंतिम सामन्यात आमचं कूलारून गाव बीलबापेक्षा सात गुणांनी मागे होतं. एक गोल म्हणजे सहा गुण, म्हणजे अजून काही गेलेलं नव्हतं. मी शाळेत असल्यापासून आमचा संघ अंतिम सामन्यात आला नव्हता. गव्हाचे भाव, बंद झालेली बँक, पोरांचं शहरात जाणं, हे सगळं त्या दिवशी कोणी बोलत नव्हतं. आणि आमच्या बाजूने सर्वांत जास्त गोल मारले होते माझ्या धाकट्या भावाने, हेमिशने.

सगळ्या खेळाडूंच्या दंडावर काळी पट्टी होती. ती आमच्या बाबांसाठी. डेस प्रिडमोर याच संघाकडून उमेदीची सगळी वर्षं बचावफळीत खेळले आणि जुलैमध्ये गेले. शेवटची काही वर्षं शुश्रूषागृहात ते मला नर्स समजायचे. जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागायचे आणि आम्ही उपाशी ठेवतो म्हणून शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे तक्रार करायचे. डोक्याला बसलेल्या माराचं हे देणं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. हेमिश म्हणाला होता, एवढा मोसम खेळतो आणि सोडतो.

दुसऱ्या डावात तो चेंडूसाठी उंच उडाला आणि बीलबाच्या एका खेळाडूचा गुडघा त्याच्या कानामागे बसला. तो पडला. मग उठला, तेव्हा कुंपणालगतच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून दाद दिली. मधल्या सुट्टीत मर्वने, म्हणजे खेळाडूंची दुखापत बघणाऱ्या आमच्या ट्रेनरने, डोकं ठिकाणावर आहे का पाहायला त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. हे मैदान कुठलं? डाव कितवा? मागच्या आठवड्यात कोणाला हरवलं? हेमिशने धडाधड उत्तरं दिली. हे प्रश्न आमच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात आणि सामन्याला निघण्याआधी ती उत्तरं घोकून येतात, हे मर्वलाही माहीत आहे. तिसऱ्या डावात हेमिशने दोन गोल मारले, त्यामुळे त्याच्याकडे कोणी नीट पाहिलं नाही.

मी गर्दीतून वाट काढत कड्यापाशी पोचले. हेमिश पाणी पीत होता. मला बघून हसला.

“रो, आलीस होय! बाबांनी गाडी कुठे लावलीय? कुंपणाशी दिसली नाही.”

“काय म्हणालास?”

“बाबांची गाडी गं. तो शेवटचा गोल पाहिला ना त्यांनी? का बसले बारमध्ये जाऊन?”

मी मर्वकडे गेले. “मर्व, त्याला बाहेर काढ.”

“विचारलंय मी सगळं. ठणठणीत आहे.”

“तो बाबा कुठे आहेत विचारतोय.”

मर्वने कोचकडे पाहिलं. कोचचं नाव टूही, बाबांचा जुना सोबती. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “रोविना, पोरी, दुःखात माणूस काहीही बोलतो. आई गेल्यावर मी वर्षभर तिला फोन लावत होतो. एवढा एक डाव जाऊ दे.”

“अहो, बाईला बाजूला घ्या कोणीतरी!” मागून आवाज आला. “कोचला बोलू द्या!”

“मेलबर्नला राहून आली ना, तिला आता घाम बघवत नाही!”

लोक हसले. मी हेमिशचा हात धरला आणि त्याला मर्वच्या समोर आणलं.

“हेमिश, बाबा कुठे आहेत?”

“असतील इथेच. पंचांना शिव्या घालत असतील.”

पुन्हा कोणी तरी हसलं आणि मध्येच थांबलं. हेमिशने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

“काय झालं?”

टूही हातातल्या डावपेचांच्या पाटीकडे बघत राहिला. मर्वने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. सांगायचं माझ्यावरच होतं. पहिल्यांदा मी ते फोनवर सांगितलं होतं. त्याचा चेहरा मला दिसला नव्हता.

“बाबा गेले, हेमिश. जुलैमध्ये. तू खांदा दिलास त्यांना.”

“नाही.”

“दिलास.”

“मग मला कोणी सांगितलं का नाही?” तो म्हणाला. मग त्याचं लक्ष स्वतःच्या दंडाकडे गेलं. पट्टीवरून त्याने बोट फिरवलं. “ही त्यांच्यासाठी?”

“हो.”

तो गवतावर खाली बसला. मर्व गुडघ्यांवर टेकला आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. बूट काढून घेतले की खेळाडू पुन्हा आत पळत नाही.

“मर्व, अरे, काय करतोयस? एक डाव राहिलाय अजून.”

मर्वने दोन्ही बूट काढून काखेत घेतले. पंचांनी शिट्टी वाजवली आणि लोक कुंपणाकडे परतले. आमच्या जवळून जाताना त्यांनी मोठा वळसा घातला.

शेवटचा डाव मी पाहिला नाही. खेळाडूंच्या खोलीत मी हेमिशजवळ बसून होते. बाहेर भोंगा झाला, मग हॉर्न वाजले, पलीकडच्या बाजूने. तिकडे बीलबाच्या गाड्या होत्या.

मी हेमिशला गाडीत बसवत होते तेव्हा टूही आला.

“चार गुणांनी,” तो म्हणाला. “त्याच्या जागी गेलेल्या पोराने गोलच्या समोरून मारलेला बॉल बाहेर घालवला. समोरून!”

“ऐकलं.”

“डेस असता ना, रोविना, तर त्याने पाठवला असता हेमिशला आत.”

“हो,” मी म्हणाले. “पाठवला असता.”

हेमिशने काच खाली केली आणि विचारलं, कोण जिंकलं? टूही तसाच वळून निघून गेला. मी हेमिशला सांगितलं, आणि गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला घेतली.