राउटरखालचं स्टूल

मी स्टूल बोलतोय. उभ्यानं ऐकू नका, बसा. माझ्यावरच बसलात तरी चालेल. खरं तर माझा जन्म तेवढ्यासाठीच झाला होता, पण पुढे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दाराची चौकट करून उरलेल्या लाकडातून सुतारानं मला जेवणाच्या सुट्टीत ठोकून काढलं. घाईत एक पाय बोटभर आखूड राहिला. "खाली कागदाची घडी घाला, जन्मभर बसाल," असं सांगून तो गेला. घडी घातली गेली, बसलं मात्र कुणी नाही. आधी माझ्यावर चढून लोक माळ्यावरच्या पिशव्या काढत. मग पाण्याचं पिंप आलं. ते गळू लागल्यावर कुंडी आली. कुंडीतलं रोप वाळून गेलं, कुंडी तशीच राहिली. कामाला मी आणि टेकायला सोफा, असा घरोघरचा न्याय आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या घरातले बाबा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासले. निवृत्तीनंतर दुकानं हातची गेली, तेव्हा ते घर तपासू लागले. साबणाची वडी किती दिवस पुरते, गॅलरीचं दार किती अंश उघडतं, शेजारची घंटा किती सेकंद वाजते, सगळ्याची वहीत नोंद. आई, म्हणजे त्यांची बायको, यावर एवढंच म्हणायची की लग्नात मला तोलून घेतलं नाही हे माझं नशीब.

मग घरात सून आली आणि तिच्या पाठोपाठ इंटरनेट आलं. सूनबाई मोजकं बोलणारी. पडद्यावरून मुलांना गणित शिकवायचं काम तिला मिळालं होतं, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर कायम, नाही तर रामराम. त्यासाठी तिच्या नवऱ्यानं दीडशेचं कनेक्शन घेतलं, राउटर स्टीलच्या कपाटामागच्या फळीवर ठेवला आणि तो आपल्या कामावर निघून गेला. दीडशे म्हणजे नेमकं काय ते मला आजही ठाऊक नाही. बाबांना मात्र आकडा पुरला. कुणी दीडशे देतो म्हणालं की ते तोलून घ्यायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या फोनवर वेग मोजला. एकशे एकोणपन्नास. माल चोख होता. तिथे थांबले असते तर मी आज कुंडीखालीच असतो. पण एका काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा खात्याचा नियम. दुसऱ्या दिवसापासून तीन फोन आले: त्यांचा, आईचा आणि मुलाचा जुना. तिन्ही माझ्यासमोर जमिनीवर ओळीनं मांडायचे, घड्याळाचा गजर झाला की तिन्हींवर एकदम बोट दाबायचं. एकट्याची बोटं पुरत नसल्यामुळे तिसरं बोट आईचं. दर पंधरा मिनिटांनी. आईनं फोडणी टाकली असली तरी हात पुसत यायचं.

आकडे आले अठ्ठेचाळीस, त्रेपन्न, सेहेचाळीस. बाबांचा चेहरा कमी भरलेलं पोतं सापडल्यासारखा उजळला. "मापात पाप," ते म्हणाले, आणि मला वाटतं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना दोन घास जास्त गेले.

नेमक्या त्याच क्षणी आतल्या खोलीत सूनबाई पडद्यावर गोठायची. अपूर्णांकाच्या मध्यात, तोंड उघडं, एक हात वर. अर्ध्या मिनिटानं सुटायची, तोवर मुलं भलतंच काही खेळत असायची. मुलांनी तिचं नाव पुतळाबाई ठेवलं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण ती वर्ग संपला की पाणी प्यायला माझ्याजवळ यायची आणि कुंडीवर हात ठेवून थोडा वेळ नुसती उभी राहायची. नवी सून आणि जुनं स्टूल, दोघांनाही दिवसभर "जरा इकडे" एवढंच ऐकावं लागतं. आमचं जमायचं.

तक्रार गेली, लाईनवाला आला. त्यानं वायर जोडून मोजलं तर दीडशेला दीडशे. बाबा त्याच्याकडे बघून हसले. निरीक्षक आला की सगळ्यांचेच तराजू बरोबर होतात, असं त्यांनी त्याला ऐकवलं. लाईनवाला बिचारा म्हणाला, काका, राउटर लोखंडी कपाटामागून काढा, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. एवढं बोलून तो गेला आणि माझं नशीब फिरलं. कुंडी उतरली, राउटर चढला.

त्यानंतर मी जेवढा फिरलो तेवढं या घरातलं माणूसही फिरलं नसेल. दिवाणखाना, बोळ, स्वयंपाकघराचा उंबरा, न्हाणीघराचं दार. प्रत्येक जागी बाबा माझ्या चार पायांभोवती खडूनं गोल काढायचे आणि नंबर टाकायचे. तेवीस जागा झाल्या. सतरा नंबर जेवणाच्या टेबलावर होता. दोन दिवस घरातले चौघं माझ्या पायांमधून एकमेकांना वाट्या देत जेवले. मुलाचं म्हणणं एकच, बंद करून चालू करा. आईचा संशय आरशावर, तो वेग खातो म्हणून तिनं त्यावर चादर टाकली. आठवडाभर सगळे अंदाजानं भांग पाडत होते.

अकरा नंबरला माझ्या आखूड पायाखालची घडी सरकली आणि मी कलंडलो. त्या दुपारचा एक ते तीनचा वर्ग अगदी सुरळीत झाला, असं सूनबाई म्हणाली. झालं. बाबांनी कंपासपेटीतला कोनमापक आणून माझा कल मोजला. साडेचार अंश. तेव्हापासून मी तिरका. मला पुसायची बंदी आली. एक ते तीन बाबा गाढ झोपलेले असतात, हे मात्र वहीत कुठेच नव्हतं. झोपलेला माणूस नोंद कशी घेणार?

मग तिच्या कामावरच्या मोठ्या बाईंचा निरोप आला. शुक्रवारी अकराचा वर्ग त्या स्वतः बघणार होत्या. पुन्हा तुटला तर पुढे ठेवता येणार नाही. सूनबाईनं बोळात उभं राहून नवऱ्याला फोनवर हळूच सांगितलं, "शुक्रवारी तुटलं तर संपलं." बाबांनी ते ऐकलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. म्हणून त्यांनी मोजणी दर पाच मिनिटांनी सुरू केली.

"तुझ्यासाठीच करतोय, पोरी," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी बाबा घोरत असताना ती वही घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली. गणिताचीच बाई ती. पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. अठ्ठेचाळीस, त्रेपन्न, सेहेचाळीस. ओठांत पुटपुटली, एकशे सत्तेचाळीस. दुसरी ओळ, एकशे अठ्ठेचाळीस. तिसरी, पुन्हा तेच. पानामागून पान, प्रत्येक ओळीची बेरीज दीडशेच्या अलीकडे दोन-तीन पावलं. मग तिनं वेळांचा रकाना पाहिला. एक ते तीन कोरा. तिनं बाबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंडावर हात दाबून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. हसून झाल्यावर मात्र तिनं वही होती तशी परत ठेवली.

कारण सांगायचं कसं? तीस वर्षं मापं तपासलेल्या माणसाला, तुमच्या तोलण्यानंच पोतं हलकं होतंय, असं चार महिन्यांच्या सुनेनं म्हणायचं? तेही आईसमोर, जिनं असल्या एका वाक्याची तीस वर्षं वाट पाहिलेली?

गुरुवारी ती काहीच बोलली नाही. त्या दिवशी ती एकूण एकवीस वेळा गोठली.

शुक्रवारी पावणेअकराला तिन्ही फोन मांडलेले होते, गजर लावलेला होता. सूनबाई आली. तिनं माझ्यावरचा राउटर दोन्ही हातांनी उचलला.

"बाबा, जरा बसता का?"

बाबा कुठे ते शोधू लागले. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"यावर? मोडेल ते."

"नाही मोडत. आणि हा धरा, दोन्ही हातांनी. तुमच्या हातात असला की चांगला चालतो, मी पाहिलंय. पाऊण तास हलायचं मात्र नाही."

"आणि नोंद?"

"आजची नोंद मी घेते." तिनं तिन्ही फोन उचलले, खोलीत नेले आणि दार ओढून घेतलं.

बाबा बसले. माझ्यावर कुणी बसण्याची ही पहिली वेळ. पिंप निराळं, कुंडी निराळी. माणूस बसला की त्याचा श्वाससुद्धा पायांपर्यंत उतरतो. आखूड पायाच्या बाजूला मी डुगडुगलो, तेव्हा बाबांनी आपली टाच माझ्या पायाखाली सारली आणि मला सरळ केलं. साडेचार अंश गेले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पाच मिनिटांत त्यांच्या नाकाला खाज सुटली. हात गुंतलेले. आईला हाक गेली. तिनं खाजवलं आणि तान्हं बाळ धरल्यासारखं हे काय धरून बसलात, असं विचारलं. मग, नवरा हात बांधलेल्या अवस्थेत पुन्हा कधी सापडेल कोण जाणे, म्हणून ती समोर बसून दहा मिनिटं काय काय बोलून घेऊन मोकळी झाली. त्यात मोठा भाग गॅलरीच्या दाराचा होता.

ती उठून गेली तेव्हा बंद दारातून सूनबाईचा आवाज आला, न तुटता, नळाच्या धारेसारखा. ती मुलांना विचारत होती, "एक भाकरी आहे. तिघांनी एकाच वेळी ओढली. प्रत्येकाच्या हाती किती?"

मुलं ओरडली, एक तृतीयांश.

"आणि बाजूला चौथा जेवायला बसला असेल तर?"

"उपाशी!"

माझ्यावरचं वजन एकदम स्थिर झालं. बाबांची नजर जमिनीवर उघड्या पडलेल्या वहीकडे गेली. ओठ हलू लागले. अठ्ठेचाळीस आणि त्रेपन्न आणि. मग ते थांबले. राउटरचा हिरवा दिवा त्यांच्या चष्म्यात लुकलुकत होता. पुढचा अर्धा तास त्यांनी नाकसुद्धा हलवलं नाही.

दार उघडलं. सूनबाईचा चेहराच सांगत होता.

"ठेवून घेतलं मला, बाबा."

बाबांनी मान डोलावली. मग राउटरकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "एका पोत्याला तीन काटे लावले होते मी."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"कधी कळलं तुला?"

"बुधवारी."

"मग बोलायचं नाही का, पोरी?"

"तुम्ही माझ्यासाठीच मोजत होता ना."

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, काय झालं, कशामुळे बिघडत होतं शेवटी? सूनबाईनं बाबांकडे पाहिलं नाही. वही उचलली, मिटली आणि म्हणाली, "बाबांच्या हाताला गुण आहे, आई."

या गोष्टीला आता चार महिने झाले. आरशावरची चादर निघाली. खडूचे गोल पुसट होत चाललेत, बाविसावा तर दिसतही नाही. राउटरला भिंतीवर नीट फळी मिळाली आहे आणि तिथे तो उत्तम चालतो. तरीही अकराचा वर्ग सुरू झाला की बाबा तो फळीवरून उतरवतात, वायर सांभाळत माझ्यावर येऊन बसतात आणि मांडीवर धरून वर्ग संपेपर्यंत ऐकतात. गरज नाही हे त्यांना माहीत आहे, तिलाही. आईला माहीत नाही, असं निदान ती दाखवते. परवा त्यांनी सुरीनं कागद कापून माझ्यासाठी नवी घडी केली. अगदी बोटभर, मोजून.

तुमच्याही घरी कोपऱ्यात एखादं स्टूल असेल. त्यावर काय ठेवलंय ते एकदा उतरवा आणि घटकाभर बसा. हात रिकामे नसले तर फारच बरं.