तिसरं नोको

गोकुळाबाईने वाढलेल्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं, असं नागभीडच्या आसपासच्या दहा गावांत कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पाहुण्याने पत्रावळीवर आडवा हात धरला तरी ही बाई बोटांच्या फटीतून भात सोडायची. तिचा कायदा ठरलेला होता: "पहिलं नोको लाजेचं, दुसरं नोको मानाचं, अन् तिसरं नोको पोटाचं." तिसऱ्याच्या आधी जो वाढपी पुढे सरकला, त्याने पाहुण्याचा अपमान केला असं समजायचं. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या त्या गावात मासळी कमीजास्त मिळो, आग्रहात कधी कमी पडायचं नाही.

तिची मुलगी दामिनी हातात वरणाची बादली घेऊन याच पंगतींमधून मोठी झाली. आणि आईचा हाच कायदा तिला भर समुद्रात नडला होता.

दामिनी जहाजावर होती. साधंसुधं जहाज नाही, चौदा मजली, पाण्यावर तरंगणारं हॉटेल. नागपूरला हॉटेलचा कोर्स करून सत्तावीस वर्षांची ही पोरगी दोन करार तिथल्या मोठ्या भोजनगृहात राबली होती. तिथे एका वेळी हजार माणसं जेवतात. वाढणारीचं तोंड कुणी पाहत नाही, ताट पाहतात. पण सगळ्यात वरच्या मजल्यावर सुईटवाले, म्हणजे आलिशान दालनं घेतलेले पाहुणे राहतात. त्यांची तऱ्हाच न्यारी. त्यांचं भोजनगृह वेगळं, तिथे टेबल राखून ठेवायची भानगड नाही. खोलीतल्या फ्रिजमध्ये पहिल्याच दिवशी बाटल्या भरलेल्या. वाईन, व्हिस्की, जे मागाल ते, जेव्हा मागाल तेव्हा. खालच्या लोकांना जपानी किंवा इटालियन जेवायचं तर वेगळे पैसे; यांना सगळं तिकिटातच. सकाळचा नाश्तासुद्धा एकेक पदार्थ करत पलंगापाशी येतो.

"म्हंजे फुकट?" गावात पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा चुलतभाऊ प्रफुलने डोळे मोठे केले होते.

"फुकट कायचं गा," गोकुळाबाई म्हणाली होती. "आहेर देऊन जेवाले बसल्यासारखं हाये ते. आधीच घेतलं त्याइनं."

इतक्या नेमक्या शब्दांत हा धंदा दामिनीलाही कधी सांगता आला नव्हता.

त्या वरच्या मजल्यावर एका वाढणारीकडे फक्त सहा टेबलं असतात. पाहुणा चढल्यापासून उतरेपर्यंत तो तिचा. त्याला मिठाचं पथ्य आहे की नाही, कॉफी कशी लागते, सगळं तिने जाणायचं. तिथे काम शिकलेली माणसं पुढे अख्खं भोजनगृह सांभाळतात. दामिनीला ते हवं होतं, आणि नुसतं हवं नव्हतं, ती हट्टाला पेटली होती. मागच्या करारात तिला तिथे पंधरा दिवस परीक्षेसाठी घेतलं, आणि तेराव्या दिवशी घात झाला.

डोनल नावाचे एकटेच प्रवास करणारे वयस्क गृहस्थ तिच्या टेबलावर असत. त्या संध्याकाळी समारोपाचं जेवण होतं. दामिनी वाईन घेऊन गेली, त्यांनी ग्लासवर हात ठेवला. ती हसून म्हणाली, सर, आजचा खास दिवस. त्यांनी मान हलवली. ती पुन्हा म्हणाली, सर, हे सगळं तुमच्यासाठीच आहे, थोडीशी. तिसऱ्यांदा त्यांनी नको म्हटलंच नाही. हात बाजूला घेतला, आणि तिने ओतली. आईच्या कायद्याने दामिनीने मन जिंकलं होतं. दोन दिवसांनी लेखी तक्रार आली. ते दारू सोडलेले गृहस्थ होते. दामिनीच्या फाईलमध्ये एक ओळ पडली, 'पाहुण्याच्या नकाराकडे दुर्लक्ष', आणि तिला खाली मोठ्या भोजनगृहात पाठवलं गेलं.

आता ती सुट्टीवर घरी आली होती आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता तिची शेवटची मुलाखत होती. सुईटच्या भोजनगृहाच्या प्रमुख इवाना मॅडम फोनच्या पडद्यावरून बोलणार होत्या. एका पाहुण्याला समोर बसवून वाढूनही दाखवायचं होतं. यात नापास झाली तर वरच्या मजल्याच्या यादीतून नाव कायमचं कटणार, हे मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं.

"तक्रारीचं विचारलं तं सांग, जहाज हललं," प्रफुलने अक्कल दिली. जंगलाजवळच्या एका रिसॉर्टवर काम करून त्याच्याकडे अशा अकलेचा साठा झाला होता. "बाटली कलली, वाईन पडली. खलास. कोन पाह्याले येते?"

"मी खोटं नाई सांगत, दादा."

"मंग बस घरी. झिंगे साफ कर."

"झिंगेबी साफ करीन अन् जहाजावरबी जाईन," दामिनी म्हणाली आणि तालमीला लागली.

तालमीने मात्र तिच्या नाकी नऊ आणले. हात आडवा आला की थांबायचं, एवढंच शिकायचं होतं. पण गावात असा पाहुणा आणायचा कुठून? शेजारच्या रुखमाकाकूला बसवलं. तिने सरबताच्या ग्लासवर हात ठेवला, दामिनी थांबली, आणि काकूचं तोंड उतरलं. "एकडावच विचारलं वो पोरी? जहाजावर जाऊन हात आखडला तुहा." प्रफुलने तर हात ठेवला आणि बोटांच्या फटीतून स्वतःच ग्लासात डोकावून पाहिलं. दामिनीचा स्वतःचा हातही ऐकत नव्हता. थांबायचं ठरवूनही बाटली आपोआप पुढे जायची.

बुधवारी सकाळी झिंगे निवडता निवडता ती आईवर चिडली. "तुह्यामुळे झालं हे. तीनदा नोको, तीनदा नोको. काऊन शिकवलं मले?"

गोकुळाबाईने सूप खाली ठेवलं.

"तू नागपूरले होती तवा," ती म्हणाली, "आमी तुले सांगलं, तुह्या बाबाले कावीळ झाली. नोती झाली."

बाबा, इस्तारी, पूर्वी प्यायचे हे दामिनीला माहीत होतं. सोडली तेही माहीत होतं. मधलं काही माहीत नव्हतं.

"सात महिने झाले होते सोडून. सिंदेवाहीले मोठ्या काकाच्या पोरीचं लगन ठरलं, साक्षगंध होतं. मांडवामागं माणसं बसली. तुह्या मोठ्या काकानं गिलास पुढं केला. बाबानं हात आडवा धरला. काका म्हणे, एवढी पोरीची गोष्ट हाये, घे. बाबानं पुन्हा हात धरला. तिसऱ्या डावाले त्यानं हात काढून घेतला." तिने पदराने हात पुसले. "मी पायत होती. बायाच्या पंगतीत वाढत होती, तिथून दिसत होतं सगळं. वाटलं, आता मधात बोलली तं त्याचा मान जाईन. नाई बोलली. मंग दीड वर्स तो मानूस माह्या घरात असून नोता."

डोनल यांनी बाजूला घेतलेला हात दामिनीला दिसला, आणि आपण त्या वेळी किती आनंदाने ओतलं होतं तेही. इतके महिने ती त्या तक्रारीवर मनातून रुसलेली होती. आता तिला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

"मंग तुहा कायदा?" तिने विचारलं.

"भातासाठी हाये तो," आई म्हणाली. "दारू पेन्यासाठी नाई. हे मले पह्यलेच सांगाले पायजे होतं."

संध्याकाळी दामिनीने बाबांना विचारलं, "उद्या माह्या समोर पाहुना म्हणून बसान का?"

इस्तारी कमी बोलणारा माणूस. "मले इंग्रजी कुठी येते?"

"बोलाचं नाई. बसाचं फक्त."

"बसतो मंग," तो म्हणाला.

गावात फोनला रेंज मिळते ती फक्त तलावाच्या पाळीवर. तिथे मच्छीमार संस्थेची एक खोली आहे, तिच्या ओसरीत मासळी तोलायचं टेबल. गुरुवारी दुपारी दामिनीने ते तीनदा धुतलं, वर बाबांचं धुतलेलं धोतर चौघडी करून अंथरलं, उभी घडी मधोमध आणली. फोन वजनकाट्याला टेकवला. स्टीलचा एक पेला, काचेचा एक ग्लास, लाल सरबताची बाटली, आणि लिंबू पिळलेले परतलेले झिंगे. इस्तारी पांढरा सदरा घालून खुर्चीत असा ताठ बसला, जणू फोटोच काढायचा आहे. प्रफुल आणि गोकुळाबाई खोलीच्या दारात उभी राहिली.

पडद्यावर इवाना मॅडम आल्या. केस मागे घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर हसू नाही. "सुरू करा," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

दामिनीने झिंग्यांची बशी उजव्या बाजूने ठेवली. हे आमच्याच तलावातले, आज सकाळचे, असं इंग्रजीत सांगितलं. मग रुमालात धरलेली बाटली पुढे केली. "सर, याच्यासोबत ही. तुमच्या सुईटमध्ये समाविष्ट आहे."

इस्तारीने ग्लासवर हात ठेवला. पोरीने त्याला असं काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. लाल रंग दिसला आणि हात गेला.

बाटली थांबली. दामिनीचा हात क्षणभरही पुढे गेला नाही. "अवश्य, सर," ती म्हणाली, काचेचा ग्लास उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि पेल्यात पाणी ओतून समोर ठेवलं.

"थांबा," इवाना मॅडम म्हणाल्या. "ग्लास का उचललात? सुईटचा पाहुणा आहे. पेयांचे पैसे त्याने तिकिटात भरलेत. आपला नियम असा, की ग्लास टेबलावर राहतो आणि दर पदार्थाला पुन्हा विचारायचं."

दारात प्रफुलने कपाळावर हात मारला. 'सॉरी' म्हणून ग्लास परत ठेवला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, हे दामिनीलाही कळत होतं. तिने ग्लास परत ठेवला नाही.

"मॅडम, सुईटचं जेवण सहा पदार्थांचं असतं," ती म्हणाली. "ग्लास समोर राहिला तर त्यांना सहा वेळा नको म्हणावं लागेल. माझ्या टेबलावर एकदाच म्हणावं लागेल. त्यांनी पैसे भरलेत ते मागायच्या हक्काचे. घ्यायची सक्ती कुणी विकलेली नाही. मागितला तर मी त्याच क्षणी ग्लास परत आणीन."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि डोनल साहेबांच्या वेळी?"

"त्या वेळी मी चुकले. आमच्याकडे दोनदा नको म्हटलेल्याला तिसऱ्यांदा वाढणं हा मान असतो. मी त्यांना मान देत होते. ते मला थांबवत होते. मी त्यांचं ऐकलं नाही."

प्रफुलला इंग्रजी थोडंफार कळत होतं. त्याने मान खाली घातली. जहाज काही हललं नव्हतं.

"त्यांचं मला पुन्हा पत्र आलं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला. "त्या रात्रीनंतर त्यांची दारू पुन्हा सुरू झाली. तुम्हाला काढा असं ते म्हणत नाहीत. त्यांनी एकच विचारलंय. त्या मुलीला माहीत होतं का?"

तलावावरून वारा आला आणि धोतराचं टोक उडालं. दामिनीने ते हाताने दाबून धरलं.

"माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण त्यांनी नको म्हटलं होतं. तेवढं पुरे होतं. माहीत असायची गरज नव्हती." तिचे डोळे भरून आले, पण ती पडद्याकडेच पाहत राहिली. "त्यांना माझी माफी कळवाल का?"

इस्तारीने मुलीचा चेहरा पाहिला. "काय म्हणून राह्यली ते बाई?"

दामिनीने सांगितलं. थोडक्यात, आहे तसं. तो साहेब दारू सोडलेला होता, मी ओतली, तो पुन्हा प्यायला लागला.

इस्तारी खुर्चीतून उठला. फोनकडे कसं बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो काट्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बाई, त्याले सांगा," तो म्हणाला. "मीबी सातव्या महिन्यात पडलो होतो. असाच हात काढून घेतला होता मी. उठाले दीड वर्स लागलं. आता सहा वर्सं झाले. त्याले म्हणा, पडला म्हंजे खतम झाला असं नाई."

दारात गोकुळाबाईने तोंडाला पदर लावला. सहा वर्षांत हे तो माणूस घरात कुणाजवळ बोलला नव्हता.

मॅडमना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं. "ऑक्टोबरपासून वरच्या मजल्यावर या," त्या म्हणाल्या. "सहा टेबलं तुमची. ग्लासचं मी इतरांनाही सांगणार आहे." मग पडद्याजवळ वाकून त्यांनी विचारलं, "हे काय म्हणाले?"

दामिनीला आनंद करायलाही सवड मिळाली नाही. माझे वडील दारू प्यायचे, हे वाक्य तिने कुठल्याच भाषेत कधी उच्चारलं नव्हतं. आता तिने ते इंग्रजीत उच्चारलं, आणि मग बाबांचं एकेक वाक्य, एकही न गाळता.

इवाना मॅडमनी सगळं लिहून घेतलं. "मी पाठवते," त्या म्हणाल्या. "खाली यांचं नाव घालू का? यांचं 'नेम' काय?"

'नेम' हा तेवढा एक शब्द इस्तारीला कळला. "इस्तारी," दामिनीच्या आधी तोच बोलला, आणि लिहिणाऱ्या बाईला वेळ मिळावा म्हणून थोडं थांबून त्याने गावाचंही नाव सांगितलं.