बेव्हनची जागा

एप्रिलमध्ये नर हरणं माजावर येऊन ओरडू लागली, की न्यूझीलंडच्या दक्षिण डोंगरातले भले भले शिकारी खोटं बोलायला लागतात. डोंगरातल्या झोपडीत एक वही असते. आपण कुठे निघालो ते तिच्यात लिहून पुढे जायचं, म्हणजे परतलो नाही तर शोधणाऱ्यांना बरं. बेव्हन एकोणीस वर्षं तिच्यात 'हॅगर्टी खोरं' लिहायचा आणि जायचा भलतीकडेच. आपली हरणांची जागा त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

आज सकाळी दहा वाजता त्याच जागी ओल्या खडकावरून तो घसरला आणि त्याची नडगी मोडली. मोबाइलला इथे रेंज नाही. छातीच्या खिशात मात्र रोइमाताने, त्याच्या बायकोने, वाढदिवसाला दिलेलं पिवळं यंत्र होतं. अँटेना उभी करून बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव केंद्राला हाक जाते आणि माणूस नेमका कुठे आहे ते कळतं. त्या 'नेमका'पाशीच बेव्हनचं घोडं अडलं.

कारण हेलिकॉप्टर घेऊन येणार तो हेमी. जुना दोस्त, पण ही जागा हुडकायला कित्येक वर्षं टपून बसलेला. बेव्हनने ठरवलं, सरपटत खालच्या नदीपर्यंत जायचं आणि तिथे बटण दाबायचं.

तीन तासांत तो चाळीस पावलं सरकला. दात वाजायला लागले, पायाची बोटं बधिर झाली. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण इथे बेशुद्ध पडलो तर सगळे हॅगर्टीत शोधत बसतील. रोइमाताही तिथेच हाका मारत फिरेल. तेव्हा मात्र तो मनापासून घाबरला. त्याने बटण दाबलं.

तासाभरात हेलिकॉप्टर डोक्यावर आलं आणि जवळच उतरलं.

"काय रे, हॅगर्टीची हवा मानवली का?" हेमीने विचारलं.

"वाट चुकलो."

"एकोणीस वर्षं चुकतोयस. केंद्राने आधी तुझ्या घरी फोन केला. मी सांगितलेलं, वहीत हा नेहमी हॅगर्टी लिहितो; यंत्र दाखवतंय इथलं, कुणाचं ऐकायचं म्हणून. रोइमाता म्हणाली, यंत्राचं ऐका, नवरा थापाड्या आहे माझा."

कळ मस्तकात जात असतानाही बेव्हनला हसू आलं.

संध्याकाळी पायाला प्लास्टर चढलं. रोइमाता खिमा भरलेली गरम पेस्ट्री घेऊन आली आणि खाटेशी बसली.

"पडलास कधी?"

"दहाला."

"बटण दाबलंस एकला. मधे काय करत होतास?"

थाप तोंडाशी आली होती, ती त्याने गिळली. "सरकत होतो. हेमीला जागा कळू नये म्हणून."

ती मग त्याची गार बोटं चोळत म्हणाली, "एका हरणापायी मला विधवा करत होतास तू."

"हो," बेव्हन म्हणाला. त्याला फार लाज वाटली, आणि ती समोर बसलीय याचं सुखही वाटलं. "पुढच्या वर्षी तुला घेऊन जातो तिथे. हेमीलाही बोलाव. त्याला आता ठाऊकच झालीय जागा."

"त्याला विचारलं मी, कशी आहे रे ती जागा. म्हणाला, कुणी बघितलीय? बेव्हन हलतोय की नाही, तेवढंच बघत होतो म्हणाला."