रायर आळीतली गंगा

उजाडायच्या आतच रायर आळीतल्या तळ्याच्या पायऱ्या माणसांनी भरून जायच्या. कुणाच्या हातात पितळी चंबू, कुणाच्या हातात प्लास्टिकची बाटली. जवळच्या तिरुनागेश्वरमला दर्शनाला आलेले लोकसुद्धा रिक्षा वळवून इकडं यायचे. पाऊस यायला अजून दोन महिने होते आणि कोरड्या ठणठणीत तळ्यात पाणी चढत होतं. तेही तळातून, बुडबुडे काढत, फेस काढत, चंदनाच्या मंद वासासकट. दुपार झाली की गुपचूप ओसरायचं.

कुंभकोणमला गंगा येते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बारा वर्षांनी महामहमच्या पर्वणीला ती मोठ्या तळ्यात जमिनीखालून येते, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. मग या मराठी आळीवर तिचा लोभ जडला तर शंका घेणार कोण?

"आई काशीहून चालत आली आहे," पायरीवर पानाचा डबा घेऊन बसलेले जलानंद स्वामी सांगायचे. "दमणार नाही तर काय? फेस दिसतो तो तिचा घाम. वास येतो तो शंकराच्या जटेतल्या चंदनाचा. दुपारी ती झोपते."

गंगेला वामकुक्षी लागते हे तोवर एकाही पुराणाला सुचलं नव्हतं, पण ऐकणारे माना डोलवत होते. मग स्वामी चंबूत तळ्याचं पाणी घ्यायचे, कुणाकडून तरी चिमूटभर हळद मागायचे आणि बोटानं ढवळायचे. पाणी लालभडक. "आईनं हळदीचं कुंकू केलं," ते म्हणायचे, आणि बायका पदरानं डोळे टिपायच्या.

सगळ्यांत पुढं असायची मंगलाक्का. स्वामींना इथं आणलं होतं तिच्या पाठच्या भावानं, सेतुरामनं. आणि सेतुराम या वॉर्डाचा नगरसेवक झाला होता तो तिच्यामुळं. तिचा नवरा व्यंकोबा पक्षाघातानं खाटेला खिळलेला. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऐप्पसी महिन्याचा पाऊस कोसळला की आळीतलं पाणी घरात शिरायचं. मागल्या खेपेला तर ते खाटेच्या पट्ट्यांना लागलं आणि चौघांनी व्यंकोबाला खाटेसकट उचलून शेजारच्या माडीवर नेलं. तेव्हा सेतुराम म्हणाला होता, "अक्का, मला निवडून दे. पावसाळी गटार पार कालव्यापर्यंत नेतों." ती दारोदार फिरली. तो निवडून आला. रस्ता खणला गेला, गटारावर लाद्या बसल्या, आणि मंगलाक्कानं भावाला दारात उभं करून ओवाळलं.

आता तर घरापुढं गंगाच आली होती. रोज सकाळी मंगलाक्का व्यंकोबाला चमचाभर तीर्थ पाजायची.

मध्येच एकदा महापालिकेची इंजिनिअर राजेश्वरी चार माणसं घेऊन आली. "गटाराचं पाणी कालव्यात पोचत नाही," ती म्हणाली. "झाकण उघडून बघायचं आहे."

"गंगेच्या तोंडावर पहार?" स्वामी कडाडले. लोक उठले. सेतुरामनं हात जोडले. "लोकांची श्रद्धा आहे, मॅडम. तिला हात लावूं नका."

आणि मंगलाक्का? ती त्या झाकणावर फतकल मारून बसली. "पोरी, माझा भाऊ सांगतोय ना. तो मला फसवणार नाही."

राजेश्वरीनं वाद घातला नाही. "अम्मा, निदान ते पाणी कुणाला पाजूं नका," एवढं म्हणून ती गेली.

त्याच आठवड्यात व्यंकोबाला जुलाब लागले, ताप चढला. इस्पितळात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पितात?"

नवरा जरा सावरून घरी आला त्या दिवशी शेजारी सुब्बलक्ष्मीची सून माहेराहून बाळ घेऊन आली. आळीत दृष्ट काढायला ताटातल्या पाण्याची आरती ओवाळायची ती मंगलाक्कानंच. तिनं ताटात पाणी घेतलं, हळद कालवली, चिमूटभर चुना टाकला. पाणी लाल झालं. नेहमीसारखंच. पण या खेपेला ताट तिच्या हातात तसंच राहिलं. पानाला चुना लावून तसंच चंबूत बुडणारं स्वामींचं बोट तिच्या डोळ्यांपुढं आलं. जन्मभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हे पाणी आपल्या हातानं केलं, आणि तेच दुसऱ्यानं चंबूत केलं तर हात जोडले. तिला स्वतःचीच लाज वाटली. बाळाला ओवाळून ती थेट राजेश्वरीच्या कचेरीत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भर गर्दीत ती स्वामींसमोर उभी राहिली. तळ्याचं पाणी ताटात घेतलं, हळद टाकली, धुतल्या हातानं ढवळलं. पाणी पिवळंच. मग स्वामींच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन ढवळलं. लालभडक.

"ही तर आपली आरती," सुब्बलक्ष्मी म्हणाली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"आईची परीक्षा घेतली की ती रुसते," स्वामी पुटपुटले, पण डबा मिटायला लागले होते.

राजेश्वरीनं भाताच्या कोंड्याची टोपली आणली होती. कोपऱ्यावरच्या नव्या लॉजपुढचं झाकण तिनं उघडलं आणि सगळ्यांदेखत कोंडा आत ओतला. लोक तळ्याच्या काठावर वाकून बसले. थोड्या वेळानं फेसाबरोबर कोंडा वर आला.

"हे लॉज गटाराच्या वाटेवर बांधलंय," ती म्हणाली. "गटाराचं कालव्याकडचं तोंड बुजवलं आणि न्हाणीघरांचं पाणी त्यातच सोडलं. पहाटे यात्रेकरू चंदनाचा साबण लावून आंघोळी करतात. पाण्याला पुढं वाट नाही, म्हणून ते तळ्याच्या जुन्या भुयारी पाटात शिरतं. पूर्वी नदीचं पाणी त्याच पाटानं तळ्यात यायचं. आंघोळी संपल्या की ते जमिनीत जिरतं. ऐप्पसीत पावसाचं पाणीही असंच अडेल. तळं भरेल, मग तुमची घरं."

लॉज कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. सगळ्यांनी वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या सेतुरामकडं पाहिलं.

"अक्का, घरी बोलूं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?"

"तुला ठाऊक होतं, सेतू," मंगलाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी रोज चंबू भरून नेत होतें. कुणासाठी नेतें तेही ठाऊक होतं. तू वरच्या पायरीवर उभा राहून बघत होतास. ज्या पाण्यापासून त्यांना वाचवायला मी तुझ्यासाठी दारोदार फिरलें, तेच पाणी तू माझ्या हातानं त्यांना पाजलंस."

एवढं होईतो स्वामी रिक्षात बसून पसार झाले.

आळीनं मग पाठ सोडली नाही. गटाराच्या वाटेवरची लॉजची मागची भिंत पाडली गेली, गटार कालव्याला मिळालं, न्हाणीघरांना वेगळी नळी बसली. ऐप्पसीचा पाऊस धो धो आला आणि गटारातून खळखळत निघून गेला. व्यंकोबाची खाट जागची हलली नाही.

भाऊबीजेला सेतुराम भिजत दारात आला. सण मोडवत नाही म्हणून मंगलाक्कानं ओवाळलं. त्यानं चाचरत पाणी मागितलं. तिनं पेला आणून दिला. भावानं तो तसाच तोंडाला लावला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

"कुठलं पाणी आहे ते आधी विचार," ती म्हणाली. "स्वामी देवो नाहीतर सख्खी बहीण देवो, विचारल्याशिवाय पिऊं नये. मी तुला विचारलं नव्हतं."