घरात कोणी नाही

दुपारी वीज गेली आणि जरा वेळाने परत आली, यात कौतुक ते काय? कौतुक पुढेच आहे. वीज आल्याआल्या मास्तरांच्या दाराजवळचं चोर पकडायचं यंत्र टुक करून वाजलं, त्याचा हिरवा दिवा गेला आणि लाल लागला. लाल म्हणजे घर बंद, घरात कोणी नाही. आणि मास्तर तर समोरच शिलाई मशीनपाशी कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसलेले. घ्या!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. उभा जन्म दुसऱ्यांची मापं घेण्यात गेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक लेक परगावी. गल्लीत चोरी झाली तेव्हा तिनेच हट्टाने हा भोंगा बसवून दिला. छताजवळ कोपऱ्यात त्याचा डोळा. घर बंद असताना त्याच्यासमोर कोणी हललं की त्याने बोंब ठोकायची आणि लेकीच्या फोनवर निरोप धाडायचा. कल्पना झकास! पण वीज गेली की त्याचं डोकं फिरायचं. चोर एकही फिरकला नाही, भोंगा मात्र वेळीअवेळी केकाटला. शेजारी येऊन भांडून गेले. मागच्या खेपेला लेकीने फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, आता एकदा जरी तो वाजला ना, तर मी येईन, घराला कुलूप लावीन आणि तुम्हाला इकडे घेऊन जाईन. माझा जीव टांगणीला लागतो हो!"

तिच्याकडे मास्तरांसाठी खोली तयार होती. स्वच्छ, हवेशीर. मशीन मात्र आणायची नाही, जावयाला तो खडखडाट सोसत नाही. आता मशीनशिवाय या माणसाने दिवसभर करायचं काय, भिंतींची मापं घ्यायची?

त्यांनी हात न हलवल्यासारखा हलवत खिशातून फोन काढला आणि अलार्मवाल्याला लावला.

"काका, जागचे उठू नका," तो म्हणाला. "वीज आली की ते आपोआप बंद घरावर जातंय. मी संध्याकाळी येतो. नाहीतर असं करा, मुलीला फोन करा. तिच्या फोनवरून एका बोटाने बंद होईल."

एका बोटाने! पण तिला सांगायचं म्हणजे भोंगा पुन्हा बिघडला हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. मास्तरांनी फोन मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. पाठ अवघडली, घसा कोरडा पडला. पाण्याचा तांब्या पलीकडच्या टेबलावर होता, म्हणजे नसल्यातच जमा. नाकावर माशी बसली, तीही त्यांनी बसू दिली. स्वतःच्या घरात चोरासारखं बसायची पाळी आली होती आणि हे ऐकवावं असं जवळ कोणी नव्हतं. बायको असती तर हसून हसून तिची पुरेवाट झाली असती. तिची फार आठवण आली त्यांना.

दारावर थाप पडली. समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाई होत्या.

"मास्तर! आहात का? कोटाची बाही उसवलीय."

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. 'आहे' म्हटलं असतं तर दार का उघडत नाही, हे सांगावं लागलं असतं. बाईंनी पुन्हा हाक मारली, मग कुणाशी तरी बोलताना ऐकू आलं, "लेकीने नेलं वाटतं शेवटी. बरं झालं, सुटले बिचारे." पावलं लांब गेली. सुटले म्हणे! मास्तरांना इतकं वाईट वाटलं की डोळे पुसायला हात उचलणार होते, पण उचलला नाही.

उन्हं उतरताना मांडीवरचा फोन थरथरला. लेक.

"बाबा, बाहेर आहात ना? फोनवर दिसतंय, घर बंद आहे म्हणून."

"हो. जरा पाय मोकळे करायला आलोय," मास्तर पुतळ्यासारखे बसून म्हणाले.

"अगंबाई, छानच की!" ती खरंच खूश झाली. "सांगू का बाबा, आज कितीतरी दिवसांनी मी निवांत काम केलं. घरात कोणी नाही, सगळं शांत आहे, एवढं दिसलं ना की डोक्याचा ताप जातो बघा. बरं, सावकाश फिरा. ठेवते."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पोर गुणाची होती. पण मास्तरांच्या काळजाला ते लागलं. हे घर टिकावं म्हणून ते दुपारभर धडपडत होते आणि त्यासाठी करायचं काय, तर त्या घरात नसल्यासारखं राहायचं! मग राहून तरी काय उपयोग?

मास्तर उठले. सरळ भोंग्याच्या डोळ्यासमोरून चालत जाऊन त्यांनी तांब्या तोंडाला लावला. भोंग्याने घर डोक्यावर घेतलं. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. सवयच झाली होती सगळ्यांना. फोन मात्र लगेच वाजला.

"बाबा, घरात चोर शिरलाय!" लेक किंचाळत होती. "तुम्ही आहात तिथेच थांबा, घरी जाऊ नका!"

"चोर नाही गं बाळा. मीच आहे."

"पण तुम्ही तर बाहेर..."

"खोटं बोललो. दुपारपासून घरातच बसलोय. न हलता. हललो असतो तर हा वाजला असता, आणि तू मला घेऊन गेली असतीस."

एकाएकी भोंगा थांबला. लेकीने तिकडून बंद केला होता. आता तिचा श्वास ऐकू येत होता, रडू आवरताना येतो तसा.

"मला न्यायला येऊ नकोस," मास्तर म्हणाले. "भेटायला ये. भोंगा बसवून गेलीस, त्यानंतर आलीच नाहीस तू."

 तिने फोन ठेवला नाही, आणि मास्तर तो कानाशी धरून तसेच उभे राहिले.